नेसणें, घालणें आणि पांघरणें

डिसेंबरांतल्या एखाद्या सकाळीं महाबळेश्वरच्या बाजारपेठेंत उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहिलें, तर वस्त्रांचें एक लहानसें प्रदर्शनच दृष्टीस पडतें. खालच्या खोऱ्यांतून भाजी घेऊन आलेली बाई नऊवारी लुगडें नेसली आहे. तिनें चोळी घातली आहे, आणि गारठा फार म्हणून वरून घोंगडी पांघरली आहे. तिच्याबरोबरच्या म्हाताऱ्यानें डोक्याला मुंडासें बांधलें आहे. मुंबईहून आलेल्या गृहस्थांनीं स्वेटर घातला आहे आणि गळ्याभोंवतीं मफलर गुंडाळला आहे. त्यांच्या पत्नीनें कानांवरून शाल घेतली आहे. एवढ्याशा वर्णनांत नेसणें, घालणें, पांघरणें, बांधणें, गुंडाळणें आणि घेणें अशीं सहा क्रियापदें येऊन गेलीं. मराठी माणसाला त्यांतलें एकहि अडत नाहीं. ‘घोंगडी नेसली’ किंवा ‘फेटा पांघरला’ असें कोणी म्हटलें, तर घरांतलें लहान मूलहि हसेल. पण हसण्याचें कारण विचारलें, तर मोठ्यांनाहि क्षणभर थांबावें लागेल.

कोणाच्या अंगावर काय आहे हें सांगणें, हा कोणत्याहि भाषेंतला अगदीं प्रारंभींचा पाठ होय. परकी भाषा शिकणारा विद्यार्थी नांव, वय आणि नातीं सांगूं लागला, कीं पुढच्या धड्यांत त्याच्यासमोर एक चित्र येतें आणि खालीं प्रश्न असतो: चित्रांतल्या माणसानें काय घातलें आहे? हा पाठ वरवर सोपा दिसतो. प्रत्यक्षांत त्या भाषेचे लोक कापडाशीं कसे वागत आले, याची बरीचशी हकीकत त्यांत सांठवलेली असते. मराठीच्या शेजारीं तुर्की भाषा ठेवून पाहिली, तर ही हकीकत अधिक स्पष्ट दिसते. आणि रोजच्या बोलण्यांतून आज काय निसटूं लागलें आहे, तेंहि ध्यानांत येतें.

प्रथम मराठीचा नियम पाहूं जातां असें दिसतें कीं, आपलीं क्रियापदें वस्त्राच्या नांवाकडे पाहत नाहींत, वस्त्राला आकार कोणी दिला याकडे पाहतात. ज्या कापडाला शिंप्याची कात्री लागली आणि ज्याचा आकार अंगावर चढण्यापूर्वींच ठरला, तें घालावयाचें: सदरा, अंगरखा, चोळी, विजार, टोपी. जें कापड अखंड आहे आणि ज्याला आकार येतो तो नेसणाऱ्याच्या हातानें व कमरेच्या आधारानें, तें नेसावयाचें: लुगडें, धोतर, पंचा, पितांबर. जें वरून सैल घेतलें जातें, ज्याला गांठ नाहीं आणि निऱ्याहि नाहींत, तें पांघरावयाचें: शाल, शेला, घोंगडी. डोक्याभोंवतीं वेढे घेतलेलें तें बांधावयाचें: फेटा, पागोटें, मुंडासें. पगडी मात्र बांधणाऱ्या कारागिराच्या हातून आधींच तयार होऊन येते, म्हणून ती डोक्यावर घालतात किंवा ठेवतात. तिच्या बाबतींतहि नियम मोडत नाहीं, उलट सिद्धच होतो. परकर शिवलेला असूनहि नेसला जातो, कारण तो कमरेला नाडीनें आवळून बसवावा लागतो. दागिने ल्यावयाचे किंवा घालावयाचे, फुलें माळावयाचीं आणि कुंकू लावावयाचें, हीं पुढचीं पोटकलमें.

या शब्दांच्या कुळांतहि हाच भेद दिसतो. ‘नेसणें’ हें संस्कृत ‘नि’ आणि ‘वस्’ यांपासून आलें. ‘वस्’ म्हणजे वस्त्र धारण करणें. ‘वस्त्र’ हा शब्दहि त्याच धातूचा. ‘पांघरूण’ हें संस्कृत ‘प्रावरण’, प्राकृत ‘पंगुरण’ या वाटेनें आलेलें. म्हणजे या दोन्ही शब्दांचा जन्मच वस्त्रासाठीं झाला. ‘घालणें’ मात्र प्राकृत ‘घल्लइ’ या फेंकण्याटाकण्याच्या अर्थाच्या क्रियापदापासून आलें आहे. म्हणून आमटींत मीठ घालतात, झाडाला पाणी घालतात, आणि बाह्यांत हात घालून सदराहि घालतात. घालणें हा सर्वांचा चाकर. नेसणें आणि पांघरणें हे वस्त्राचे घरचे.

आतां तुर्कीच कां, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल. महाबळेश्वरच्या भोंवतालचा जावळीचा मुलूख शिवाजी महाराजांनीं १६५६ सालीं घेतला, त्यापूर्वीं तो चंद्रराव मोऱ्यांकडे होता, आणि मोरे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून नांदत होते. त्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा उस्मानी सुलतानाचा मुलगा होता, अशी कथा फेरिश्त्यानें लिहून ठेवली आहे. कथेचा खरेपणा इतिहासकारांना मान्य नाहीं. परंतु दख्खनच्या दरबारांत आणि इस्तंबूलच्या दरबारांत फारसी व अरबी शब्दांचें एकच भांडार वापरांत होतें, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्या भांडारांतून दोन्हीकडे कापडांचीं, रंगांचीं आणि पोशाखाचीं नांवें गेलीं. आपली शाल ती तुर्कांचीहि शालच. आपला किरमिजी रंग तुर्कींत ‘किरमिझि’ होऊन नुसता तांबडा बनला. आपली कमर तेथें ‘केमेर’ झाली आणि तिचा अर्थ कमरेचा पट्टा असा ठरला. फारसींतली चादर आपल्याकडे बिछान्यावर आली. तुर्कींतल्या ‘चादिर’चा अर्थ मात्र तंबू. नांवें अशीं एका घरचीं असलीं, तरी त्यांना चालवणारें व्याकरण प्रत्येकाचें स्वतःचें आहे. तुर्कींतले कांहीं स्वर मराठींत नाहींत; तेव्हां येथें दिलेले उच्चार जवळपासचे समजावेत.

तुर्की वाक्याची ठेवण मराठी माणसाला परकी वाटत नाहीं. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं. ‘गोम्लेक’ म्हणजे सदरा आणि ‘गिय्मेक’ म्हणजे घालणें. ‘ओ गोम्लेक गियियोर’ म्हणजे तो सदरा घालतो आहे. किंवा ती घालते आहे. किंवा तें घालतें आहे. कारण तुर्कींत लिंगभेद नाहीं. तो, ती आणि तें या तिघांसाठीं एकटा ‘ओ’ पुरतो, आणि क्रियापदहि बदलत नाहीं. मराठींत ‘नेसला, नेसली, नेसलें’ यांतून नेसणारा कोण तें कळतें. तुर्कींत तें वस्त्रावरून किंवा संदर्भावरून ओळखावें लागतें.

यापुढें एक बारीक पण महत्त्वाचा भेद येतो. मराठींत ‘ती साडी नेसते आहे’ असें म्हटलें, तर निऱ्या अजून हातांत आहेत आणि दाराबाहेर वाट पाहणाऱ्यांनीं थोडें थांबावें असा त्याचा अर्थ होतो. नेसून झालें असेल, तर ‘ती साडी नेसली आहे’ असें म्हणावें लागतें. क्रिया संपली, तिचें फळ अंगावर राहिलें, आणि तें फळ आपण पाहत आहों, हें सारें त्या ‘ली आहे’ मध्यें आलें. तुर्कींतहि असाच एक काळ आहे. ‘गियियोर’ हें चालू क्रियेला किंवा नेहमींच्या प्रघाताला चालतें. परंतु समोर आलेल्या माणसाकडे पाहून त्याच्या अंगावर काय आहे तें सांगावयाचें असेल, तर तुर्क माणूस पुष्कळदां ‘गिय्मिश’ म्हणतो. घालतांना आपण पाहिलें नाहीं, पण घातलेलें दिसतें आहे, असा त्या ‘मिश’चा भाव. हाच ‘मिश’ ऐकीव गोष्टीलाहि लागतो. लग्नाला कोण काय नेसून आलें होतें याची बातमी घरीं बसून ऐकलेली बाई शेजारणीला ती सांगतांना मराठींत ‘नेसली होती म्हणे’ असें म्हणेल. तुर्की बाईचें तें ‘म्हणे’ क्रियापदाच्या पोटांतच असतें.

मग तुर्कींत सगळ्यालाच ‘गिय्मेक’ चालतें काय? तसेंहि नाहीं. सदरा, विजार, झगा, कोट, जोडा हे सारे ‘गिय्मेक’च्या ताब्यांत; म्हणजे अंगाचा एखादा भाग ज्यांत शिरतो तें सर्व. पण चष्मा, घड्याळ, कर्णभूषण, अंगठी हीं ‘ताकमाक’च्या ताब्यांत जातात. ‘ताकमाक’ म्हणजे अडकवणें, लावणें. चष्म्याला तुर्कींत ‘गोझल्युक’ म्हणतात, आणि ‘गोझ’ म्हणजे डोळा. आपला ‘चष्मा’हि फारसीच्या ‘चश्म’ म्हणजे डोळा या शब्दावरूनच आला. दोन दूरच्या भाषांनीं एकाच युक्तीनें नांव ठेवलें. कमरेला तलवार किंवा शेला बांधणें यासाठीं ‘कुशानमाक’ असें भारदस्त क्रियापद आहे. उस्मानी सुलतानांच्या राज्यारोहणाचा मुख्य विधि तलवार कमरेला बांधण्याचा असे, आणि त्या विधीचें नांव याच क्रियापदावरून पडलें. डोकें झांकण्याला ‘ओर्तमेक’, आणि वेढे घेऊन गुंडाळण्याला ‘सारमाक’. या ‘सारमाक’वरूनच पागोट्याला ‘सारिक’ हें नांव पडलें: गुंडाळलें जातें तें सारिक. द्राक्षाच्या पानांत भाताचें सारण गुंडाळून करतात त्या प्रसिद्ध तुर्की पदार्थाचें नांव ‘सारमा’. स्वयंपाकघर आणि पोशाख यांचें क्रियापद तेथें एकच झालें आहे.

तथापि क्रियापदावांचूनहि हें काम भागतें, आणि या ठिकाणीं मराठी व तुर्की फारच जवळ येतात. ‘उझेरिंदे किरमिझि बिर शाल वार’ या तुर्की वाक्याचा शब्दशः अर्थ ‘अंगावर किरमिजी एक शाल आहे’ असा होतो. ‘वार’ म्हणजे आहे, आणि ‘योक’ म्हणजे नाहीं. ‘उझेरिंदे पाल्तो योक’, अंगावर ओव्हरकोट नाहीं. अवयवाच्या नांवाला ‘वर’ किंवा ‘त’ या अर्थाचा प्रत्यय लावला, कीं वस्त्राची जागा ठरते: ‘बाशिंदा फेस, सिरतिंदा जेकेत, आयाइंदा चिझ्मे’, म्हणजे डोक्यावर फेज टोपी, पाठीवर जाकीट, पायांत बूट. हा प्रत्यय कोठें ‘दे’ होतो, कोठें ‘दा’. शब्दांतल्या स्वरांशीं त्यानें सूर जुळवावा, हा तुर्कीचा सर्वव्यापी नियम आहे.

मराठी वाचकाला ही वाक्यरचना कोठून ओळखीची वाटते, हें सांगावयास नको. बखरींतून थोर पुरुषांचीं वर्णनें अशींच येतात: डोक्यावर अमुक, अंगांत तमुक, कमरेला हें, हातांत तें. क्रियापदाची गरजच पडत नाहीं. परंतु मराठी येथें एक पाऊल पुढें जाते. ती ‘अंगांत’ आणि ‘अंगावर’ हे दोन निराळे मानते. सदरा अंगांत असतो, शाल अंगावर असते. महाबळेश्वराच्या पश्चिमेस उभ्या असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, तेव्हां महाराजांनीं आंत चिलखत व वरून अंगरखा घातला होता आणि डोक्यावरच्या वस्त्राखालीं लोखंडी शिरस्त्राण होतें, असें वर्णन प्रसिद्ध आहे. त्या दिवशीं आंत काय आणि वर काय, या भेदावर स्वराज्याचें भवितव्य अवलंबून होतें. वस्त्राच्या वर्णनांतलीं ‘आंत’ आणि ‘वर’ हीं किरकोळ अव्ययें किती भार पेलूं शकतात, याचें याहून मोठें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत नाहीं.

वस्त्रावरून माणसाला नांव देण्याची चालहि दोन्हीकडे आहे. तुर्कींत वस्त्राच्या नांवाला ‘लि’ किंवा त्याचें स्वराप्रमाणें बदललेलें रूप जोडलें, कीं विशेषण तयार होतें: ‘शापका’ म्हणजे हॅट, ‘शापकालि आदाम’ म्हणजे हॅटवाला माणूस, ‘गोझल्युकल्यु कादिन’ म्हणजे चष्मेवाली बाई. अभाव दाखवावयाचा तर ‘सिझ’: ‘शापकासिझ’, हॅटवांचून असलेला. इराणच्या सफवी राजांचे तुर्की अनुयायी तांबडें शिरोभूषण वापरीत, म्हणून त्यांना ‘किझिलबाश’ म्हणजे लालडोके असें नांव पडलें. मराठ्यांनीं युरोपियनांना ‘टोपीकर’ म्हटलें तेंहि असेंच. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत हा शब्द राजकारणाच्या गंभीर प्रकरणांत येतो. अभावासाठीं मात्र मराठीजवळ प्रत्ययाऐवजीं स्वतंत्र शब्द आहेत. डोक्यावर कांहीं नसलें तर बोडका, पायांत कांहीं नसलें तर अनवाणी, अंगावर कांहीं नसलें तर उघडा. यांपैकीं प्रत्येक शब्दाला समाजानें वेगळा अर्थ चिकटवला. अनवाणी चालणें हें गरिबीचें किंवा व्रताचें लक्षण. बोडक्या डोक्यानें बाहेर जाणें हें एके काळीं अशुभाचें.

वस्त्र नेसणाऱ्याचें वस्त्राशीं नातें काय, हा व्याकरणांतला सर्वांत खोल प्रश्न आहे. मराठींत ‘तिनें पोलकें घातलें’ असें आपण म्हणतों. येथें क्रियापद पोलक्याच्या लिंगाप्रमाणें चालतें. पण ‘ती लुगडें नेसली’ या वाक्यांत क्रियापद लुगड्याकडे पाहत नाहीं. तें नेसणारीच्या मागून जातें. ‘ती दागिने ल्याली’, ‘तो धडा शिकला’, ‘तो पाणी प्याला’ हीं वाक्यें याच वर्गांतलीं. कर्म असूनहि कर्ता प्रथमेंत राहतो आणि क्रियापदावरचा आपला हक्क सोडीत नाहीं. शिकणें, पिणें, नेसणें, लेणें या साऱ्या क्रियांचें फळ करणाऱ्याच्याच ठायीं उतरतें, हें त्यांतलें साम्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. संस्कृतांत वस्त्र धारण करण्याच्या अर्थाचा ‘वस्’ धातु आत्मनेपदी आहे, म्हणजे फळ स्वतःकडे ठेवणारा. तुर्कींतहि ‘गिय्मेक’च्या पोटांत एक ‘इन’ घातला, कीं ‘गियिनमेक’ होतें: स्वतः पोशाख करणें. ‘ओर्तमेक’ म्हणजे झांकणें, ‘ओर्तुनमेक’ म्हणजे स्वतःला झांकून घेणें. दुसऱ्याला पोशाख चढवावयाचा असेल तर ‘गियदिरमेक’. मराठींतहि देवाला किंवा नवरीला शालू नेसवतात. ‘घालणें’ला मात्र असें वेगळें रूप लागत नाहीं, मूल टोपडें घालतें आणि आई मुलाला टोपडें घालते, क्रियापद तेंच. ज्या क्रियापदाला करणारा कोण याचें फारसें सोयरसुतक नाहीं, त्याला स्वतः आणि दुसरा हा भेदहि ठेवावा लागला नाहीं.

पोशाख बदलला कीं हीं क्रियापदेंहि हलतात. १८२९ सालीं सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यांत महाबळेश्वरच्या जागेचा करार झाला आणि तेथें हवा खाण्याचें ठाणें वसूं लागलें. त्याच १८२९ सालीं इस्तंबूलांत सुलतान दुसरा महमूद यानें सरकारी नोकरांना पागोटें सोडून फेज टोपी वापरण्याची आज्ञा केली. हुकूम टोपीचा होता, पण त्याबरोबर एक क्रियापदहि मागें पडलें. पागोटें गुंडाळावें लागे. टोपी नुसती घालतां येई. पुढें शंभर वर्षें झालीं नाहींत तोंच, २५ नोव्हेंबर १९२५ रोजीं, मुस्तफा कमालच्या तुर्की प्रजासत्ताकानें कायदा करून ती फेज टोपीहि काढून टाकली आणि तिच्या जागीं हॅट आणली. आज तुर्कींत हॅटेबद्दल कोणी ‘गिय्मेक’ म्हणतो, कोणी ‘ताकमाक’. तिला दोन क्रियापदें सारखींच रुळलीं आहेत. महाराष्ट्रांत असा कायदा कोणी केला नाहीं. पण पागोटें गेलें, पगडी गेली, टोपी आली आणि तीहि गेली. तेव्हां शहरांतल्या पुरुषाच्या डोक्यावरून बांधणें आणि घालणें हीं दोन्ही क्रियापदें उतरलीं. फेटा उरला तो लग्नकार्यापुरता, आणि तो बांधणारा माणूस बोलवावा लागतो.

स्त्रियांच्या पोशाखांत हा बदल आज डोळ्यांदेखत चालला आहे. शहरांतल्या सुशिक्षित घरांत ‘आज साडी घातली आहे’ असें वाक्य सहज ऐकूं येतें. शाळेंतल्या इंग्रजींत सगळ्या पोशाखाला एकच क्रियापद असतें. हिंदींतलें ‘पहनना’ही सदऱ्याला आणि साडीला सारखेंच चालतें. दोहोंच्या संगतींत मराठींतल्या ‘घालणें’नें हातपाय पसरले, यांत नवल नाहीं. त्याच्या आधींची पायरीहि ओळखूं येते. ‘ती साडी नेसली’ याऐवजीं ‘तिनें साडी नेसली’ असें म्हणणें आतां सर्रास झालें आहे. म्हणजे प्रथम कर्तीनें क्रियापदावरचा हक्क सोडला, आणि मग तें क्रियापदच निघून जाऊं लागलें.

यावर वृद्धांनीं रागवावें आणि तरुणींनीं हसावें, असा प्रकार घरोघर होतो. दोघांनींहि थोडा विचार केला, तर भांडण्याचें कारण उरत नाहीं. हल्लीं शिवलेली नऊवारी मिळते. तिला काष्टा आधींच शिवलेला असतो, निऱ्या आधींच घातलेल्या असतात, आणि नाडी ओढली कीं काम संपतें. ती जर कोणी ‘घातली’ म्हटली, तर तिचें मराठी बिघडलें असें म्हणतां येणार नाहीं. तिनें मराठीचा जुना नियम अगदीं काटेकोरपणें पाळला आहे. आकार शिंप्यानें दिला, म्हणून घालणें. उलट जी मुलगी आईच्या किंवा आजीच्या हाताखालीं उभी राहून नऊ वार कापड सांभाळते, ओचा काढते, कासोटा मागें खोंचते आणि चालतांना निऱ्या पायांत येत नाहींत ना तें पाहते, तिच्या त्या सर्व खटाटोपाला ‘घातली’ म्हणणें हा तिच्यावरच अन्याय आहे. घालणें एका झटक्यांत होतें. नेसणें शिकावें लागतें. म्हणूनच तें ‘शिकणें’ च्या पंक्तीला बसलें आहे.

मराठीनें हा भेद आपल्या वाक्प्रचारांतहि जपला आहे. पूर आला, आग लागली, दंगा झाला, आणि माणसें सर्वस्व टाकून निघालीं, तर तीं ‘नेसत्या वस्त्रानिशीं’ बाहेर पडलीं असें म्हणतात. त्यांच्या अंगांत सदरे आणि पोलकीं असतील. तरी ‘घालत्या वस्त्रानिशीं’ असें कोणी म्हणत नाहीं. माणसाजवळ अगदीं शेवटपर्यंत राहणारें वस्त्र तें नेसलेलें वस्त्र, असें भाषेनें ठरवून टाकलें आहे. दुसऱ्याचा दोष झांकावयाचा तर त्यावर ‘पांघरूण’ घालतात, आणि कामाला लागावयाचें तर पदर ‘खोंचतात’. साड्या कपाटांत गेल्या तरी हीं बोलणीं कांहीं काळ राहतील. पण ज्यानें कधीं पदर खोंचला नाहीं आणि खोंचलेला पाहिलाहि नाहीं, त्याला तीं पाठ करावीं लागतील, एखाद्या तुर्की धड्यांतल्या वाक्यांसारखीं.

तेव्हां घरांतल्या मुलांच्या भाषेची ज्यांना काळजी आहे, त्यांनीं चूक काढण्यापेक्षां एक सोपी गोष्ट करावी. सणावाराला साडी किंवा धोतर नेसावयाची वेळ आली, कीं ती शिवून आणूं नये. मुलांना जवळ उभें करून, एकेक निरी मोजीत, त्यांच्या हातांनीं नेसूं द्यावी. पहिल्या वेळीं ती सुटेल, दुसऱ्या वेळीं तिरकी बसेल. तिसऱ्या वेळीं नीट बसली, म्हणजे ‘मी नेसलें’ किंवा ‘मी नेसलों’ असें तीं मुलें आपण होऊन म्हणतील. तें क्रियापद त्यांना वेगळें शिकवावें लागणार नाहीं.